‘ग्रुपवर टाकलं होतं’

बारावीतल्या मुलाचे वडील ऑफिसच्या खिडकीशी उभे आहेत. परीक्षेच्या फॉर्मची नियमित मुदत काल संपली, आता विलंब शुल्क भरावं लागणार. ते विचारतात, “आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?” आतून मान वर न करता उत्तर येतं, “ग्रुपवर टाकलं होतं.”

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. बारावीचा वर्गशिक्षक म्हणून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि तितक्याच वेळा स्वतःही म्हटलं आहे. ते खोटं नसतं. मंडळाच्या परिपत्रकाची सहा पानी पीडीएफ भर दुपारी ग्रुपवर पडलेली असते. वर एक ओळ असते, ‘सर्व विद्यार्थी व पालकांनी नोंद घ्यावी.’ खाली तीस-पस्तीस अंगठे, दोन-चार जोडलेले हात आणि कुणा काकांचा सुविचार. पीडीएफ किती जणांनी उघडली, हे कुणी पाहत नाही. उघडणाऱ्यांतल्या किती जणांना चौथ्या पानावरची आपल्या उपयोगाची ओळ सापडली, हा प्रश्न तर आमच्या मनातही येत नाही. आमचं काम झालेलं असतं. उद्या कुणी जाब विचारलाच, तर पुरावा तारीख-वेळेसकट हातात असतो.

माझी तक्रार नेमकी या पुराव्याबद्दल आहे. अकरावी-बारावीच्या घरांना कॉलेजकडून जे निरोप जातात, त्यातले बहुतेक कॉलेजने आपली कातडी वाचवण्यासाठी पाठवलेले असतात. घराने त्यावर काही करावं, हा हेतू त्यात जवळपास नसतोच. आणि ही दोन वर्षं तर अशी, की एक तारीख चुकली, एक कागद राहिला, तर मुलाचं वर्ष जातं, नाहीतर बापाच्या खिशातून लाखभर रुपये.

आधी एक साधी गोष्ट. निरोप जातो कुणाच्या फोनवर?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या तुकडीचे पालकांचे नंबर एकेक करून लावून पाहिले. हौस म्हणून नव्हे. एक मुलगा पंधरा दिवस गैरहजर होता आणि घरून काहीच प्रतिसाद नव्हता, म्हणून. कितीतरी नंबरांवर ‘हॅलो सर’ म्हणणारा आवाज विद्यार्थ्याचाच निघाला. घरात स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे. प्रवेशाच्या वेळी पालकाच्या रकान्यात त्याने तोच नंबर लिहिलेला. म्हणजे ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे’ हा संदेश इमानेइतबारे त्या पाल्याच्याच खिशात जाऊन वाजत होता! काही नंबर नेटकॅफेवाल्याचे निघाले, कारण ऑनलाइन फॉर्म भरताना ओटीपी येण्यासाठी त्यानेच स्वतःचा नंबर टाकला होता. एक नंबर बटणाच्या फोनचा होता. त्यावर व्हॉट्सॲप येण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रुपमध्ये त्या घराच्या नावाने भलताच नंबर होता, तो बहुधा मामाचा असावा.

ही झाली खेड्याची गोष्ट. शहरात चित्र वेगळं दिसतं, पण दशा तीच. तिथल्या आईच्या फोनवर कॉलेजचा एक ग्रुप, विषयवार चार, क्लासचे दोन, शिवाय ‘फक्त पालक’ नावाचा एक, ज्यात फक्त अफवा असतात. जेईई, सीईटी या प्रवेश परीक्षांच्या तारखा, कुणाच्या तरी भावाच्या मुलाला मिळालेलं पर्सेंटाइल, हे सगळं एकाच पुरात वाहत येतं. बीडच्या बापाला निरोप मिळत नाही आणि पुण्याच्या आईला त्या पुरातून तो वेचता येत नाही.

अकरावीच्या प्रवेशात याचं ढळढळीत उदाहरण पाहायला मिळालं. आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ला सगळ्या राज्याला लागू झाली. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, २१ मे २०२५ला, संकेतस्थळ कोलमडलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. संकेतस्थळं कोलमडतात, ती पुन्हा उभी राहतात. मला त्याहून मोठी वाटते ती नियमातली एक ओळ. मुलाने किमान एक आणि जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम द्यायचे होते. त्यातलं पहिल्या पसंतीचंच कॉलेज मिळालं, तर प्रवेश घेणं बंधनकारक. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. शहरातल्या घरांना ही पद्धत मोठ्या बहिणीमुळे, शेजाऱ्यामुळे ठाऊक होती. ज्या गावात आजवर दहावीचं गुणपत्रक घेऊन थेट कॉलेजात जायचं आणि पावती फाडायची, तिथे हे कुणी समजावून सांगितलं? माझ्याकडे आलेल्या एका मुलीची पहिली पसंती कॅफेवाल्याने भरली होती. “सर, यादीत ते नाव वर होतं,” एवढंच तिला माहीत होतं. ते कॉलेज तिच्या गावापासून सत्तर किलोमीटरवर. माहिती पुस्तिका संकेतस्थळावर होती, हे मान्य. ग्रुपवर टाकलं होतं, हेही मान्य.

आता कळवायचं काय, ते पाहू. लोकांना वाटतं बारावीच्या घराला हवी असते ती परीक्षेची तारीख. ती तारीख कुणालाही कळते, वर्तमानपत्रात येते, चहाच्या टपरीवर कळते. २०२६ची लेखी परीक्षा १० फेब्रुवारीला सुरू होणार, हे कित्येक महिने आधी जाहीर झालं होतं. घराला खरी गरज असते ती लांब पल्ल्याच्या गोष्टींची. ज्या आज सुरू केल्या तरच दीड वर्षाने हाताशी येतात.

त्यात सगळ्यात वर मी जात वैधता प्रमाणपत्र ठेवीन. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. २००० सालच्या कायद्यानुसार जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. राखीव जागेवर अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीयला जायचं तर दुसरी पायरी चढावीच लागते. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजच्या शिफारशीने जात पडताळणी समितीकडे जातो. म्हणजे हे काम आमच्या दारातून सुरू होतं. आणि त्याला लागणारे कागद कोणते? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, वंशावळीचं शपथपत्र. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबा. निजामकाळातली नोंद उर्दूत किंवा मोडीत निघाली, तर ती वाचून देणारा माणूस शोधा. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असलं, तर मुख्याध्यापकांचं तसं पत्र घ्या. समितीने त्रुटी काढली तर पुन्हा हेलपाटा.

हे एका आठवड्याचं काम आहे का? पण आमच्याकडे त्याची सूचना निघते बारावीच्या दुसऱ्या सत्रात, कधी कधी तर सीईटीचा निकाल लागल्यावर. मग जून-जुलैत समितीच्या कार्यालयाबाहेर बापलेकांच्या रांगा लागतात. मुदतवाढ मिळावी म्हणून निवेदनं दिली जातात, ती बहुतेक वर्षी मिळतेही, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्याचं प्रमाणपत्र वाढीव मुदतीतही येत नाही, त्याची जागा खुल्या प्रवर्गात धरली जाते, नाहीतर रद्द होते. शुल्क पूर्ण पडतं. वर्तमानपत्रात मुदतवाढीची बातमी असते, या मुलाची नसते. हीच सूचना अकरावीच्या जुलैत, चार ओळींत, आजोबांच्या दाखल्याच्या एका नमुन्यासह गेली असती तर? दीड वर्ष हातात होतं. दिवाळीला सगळे भाऊबंद गावात असतात, तेव्हा वंशावळ एका बैठकीत लिहून होते.

दुसरी गोष्ट मुलींच्या शुल्काची. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. बातमी सगळ्यांनी वाचली. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला तरच हा लाभ, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही, ही अट किती घरांपर्यंत पोचली? एजंट येतो, ‘सीट पक्की करून देतो’ म्हणतो. बाप घाबरून पैसे भरतो आणि त्याच सहीने मुलीची माफी घालवून बसतो. शिवाय बारावीनंतर मुलीला पुढे शिकवायचं की नाही, याचा निर्णय आमच्याकडे कॅप फेरीच्या कितीतरी आधी होतो. तो होतो दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या बोलण्यात. शुल्कमाफीचा कागद त्याआधी घरात पोचायला हवा.

तिसरी छोटी आहे. ‘अकरावी म्हणजे आराम’ हा समज अजून घराघरांत आहे. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा सुमारे २० टक्के असतो, वैद्यकीयच्या ‘नीट’मध्ये आणि जेईईत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम. हे अकरावीच्या पहिल्या पालक सभेत एका वाक्यात सांगून होण्यासारखं आहे. आणि निकालानंतरचं एक. २०२५ला बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीच्या अर्जाला ६ ते २० मे अशी मुदत होती. पुनर्मूल्यांकन हवं तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती हातात पडल्यापासून कामाचे पाच दिवस मिळतात. निकालाच्या दुपारी रडत बसलेल्या घराला हे कुणी सांगायचं? तेव्हा कॉलेज यशवंतांच्या फोटोंचा फ्लेक्स छापण्यात गुंतलेलं असतं.

इथे एक वेगळा प्रसंग आठवतो. जानेवारी २०२५मध्ये मंडळाने दिलेल्या हॉल तिकिटांवर विद्यार्थ्याच्या जातीचा प्रवर्ग छापून आला. गदारोळ झाला. मंडळाने दिलगिरी व्यक्त केली आणि तो रकाना काढून नवी हॉल तिकिटं दिली. गदारोळ योग्यच होता. परीक्षेच्या टेबलावर जात ठेवायचं कारण नाही. पण मंडळाने दिलेलं स्पष्टीकरण मला फार बोलकं वाटलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद चुकली असेल, तर मुलाने शाळा सोडल्यावर ती दुरुस्त होत नाही आणि पुढे शिष्यवृत्तीला अडचण येते. म्हणून पालकांच्या वेळीच लक्षात यावं, असा हेतू होता म्हणे. हेतू अगदी रास्त. मात्र ही गोष्ट पालकांच्या कानावर घालायला अख्ख्या यंत्रणेला हॉल तिकिटाखेरीज दुसरा कागदच सापडला नाही. कारण घराघरांत नक्की पोचतो आणि जपून ठेवला जातो, असा आमचा एकच कागद आहे. बाकी काही पोचत नाही, याची याहून स्पष्ट कबुली मी वाचलेली नाही.

आता क्लासवाल्यांकडे वळतो. त्यांना शिव्या देणं आम्हा प्राध्यापकांचा आवडता उद्योग आहे. पण या एका बाबतीत त्यांनी आम्हाला केव्हाच मागे टाकलं. रविवारी चाचणी झाली, की संध्याकाळपर्यंत बापाच्या फोनवर गुण, वर्गातला क्रमांक, मागच्या आठवड्याशी तुलना. मुलगा सकाळी नऊला नाही आला, तर सव्वानऊला फोन. तोही जिवंत माणसाचा, ‘दादा, आज यश आला नाही, बरा आहे ना?’ असा. कारण उघड आहे, बाप त्यांचं गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे बाप काय आहे, ते अजून ठरलेलं नाही.

ही जागा आम्ही आपणहून सोडली. ‘इंटिग्रेटेड’ नावाने मुलगा कॉलेजच्या पटावर आणि दिवसभर क्लासच्या बाकावर, हे कुणापासून लपलेलं नाही. २०१८मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याचसाठी. दिल्ली-राजस्थानात सीबीएसईने सप्टेंबर २०२४मध्ये २७ शाळांवर अचानक तपासणी केली आणि नोव्हेंबरमध्ये २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. तिथे त्यांना ‘डमी’ शाळा म्हणतात. ७५ टक्के हजेरीचा नियम इथेही आहे, तिथेही. पण जो मुलगा आमच्या वर्गात बसतच नाही, त्याच्याबद्दल आम्ही घराला सांगणार काय? ‘आपला पाल्य नियमित आहे’ असं लिहून सही करणारे आम्हीच.

क्लासकडून घरी जातं ते फक्त आकडे. क्रमांक घसरला, क्रमांक वाढला. आठवड्यामागून आठवडे बाप मुलाला फक्त त्या आकड्यातून पाहतो. मुलगा जेवतो का, बोलतो का, मित्र आहेत का, त्याला भौतिकशास्त्र झेपतंय की नुसतं सोसतोय, हे त्या संदेशात बसत नाही. क्लाससाठी लातूरला किंवा राजस्थानातल्या कोट्याला खोली घेऊन राहिलेल्या मुलाच्या आईवडिलांचं मुलाशी असलेलं नातं मग त्या रविवारच्या आकड्यावर चालतं. अशा वेळी मुलाला रोज पाहणारा आणि आकड्यापलीकडचं चार शब्दांत सांगणारा दुसरा माणूस असायला हवा. तो वर्गशिक्षकच असू शकतो. मंडळ परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते चांगलंच आहे. पण फेब्रुवारीतल्या त्या नंबरावर एखादं मूल फोन करील, तोवर ऑगस्टपासूनचं बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आणि ग्रुपवर सगळ्यांची नावं-गुण टाकण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी. माझ्याच कॉलेजात घटक चाचणीची यादी अशी पडायची, शंभर-सव्वाशे नावं, गुणांच्या उतरत्या क्रमाने. एका मुलीने मला विचारलं, “सर, माझे मार्क माझ्या बापाला सांगा की. साऱ्या गावाला कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. सतरा-अठरा वर्षांचं मूल आहे ते. पुढच्या वर्षी मतदान करणार. त्याच्याबद्दल घराला काय कळवायचं, हे ठरवताना त्याला विचारायला नको? माझं उत्तर आहे, विचारावं. फक्त विचारणं आणि त्याच्यावरच सोडून देणं, या दोन गोष्टी वेगळ्या. नापास झालेला पेपर घरी कळणारच, हे त्याला आधी सांगावं. शक्य तर त्यानेच घरी सांगावं आणि दुसऱ्या दिवशी मी फोन करावा. त्याच्या पाठीमागे, त्याला न सांगता गेलेला निरोप पुढच्या वेळी तो अडवणार, हे नक्की. मघाशी सांगितलेले ते नंबर मुलांनी काही उगीच नाही बदललेले.

यावर माझे सहकारी काय म्हणतील, ते मला पाठ आहे. पहिलं, ‘पालक येतातच कुठे?’ सभा लावली, शंभरपैकी अकरा आले. खरंय. पण ती सभा कधी होती? मंगळवारी सकाळी अकराला, म्हणजे रोजंदारी बुडवून यायचं. आल्यावर प्राचार्यांचं भाषण, संस्थाचालकांचं भाषण, मग ‘काही अडचण असल्यास सांगा’. अशा सभेला मी तरी गेलो असतो का? आमच्या तालुक्याचा बाजार रविवारी भरतो. निम्मे पालक त्या दिवशी गावात असतातच. रविवारी दुपारी वर्ग उघडा ठेवावा, भाषण नको, जो येईल त्याच्याशी पाच मिनिटं बोलावं. आम्ही एकदा केलं. गर्दी एवढी झाली, की चहा कमी पडला.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. एका तुकडीत शंभराच्या वर मुलं, लेखनिकाची पदं रिक्त, ऑनलाइन माहिती भरण्यात शिक्षकांचे दिवस जातात, त्यात निवडणुकीची कामं. आणखी हे कुणी करायचं? ही हरकत मी खोडून काढणार नाही, कारण ती खरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की आज आम्ही वर्षाला जे शेकडो संदेश पुढे ढकलतो, त्यालाही वेळ लागतोच. त्याऐवजी वर्षाला सहा निरोप, पण धड. प्रत्येकात एकच गोष्ट, एकच तारीख, काय करायचं आणि कुणाला विचारायचं. मराठीत, तेही ‘उपरोक्त विषयान्वये’च्या मराठीत नको. जिथे घरात पावरी, गोंडी, बंजारा बोलतात तिथे मिनिटभराचा बोललेला निरोप. आणि तो बोलायला वर्गातली त्याच भाषेची मुलगी हवी, माझा आवाज नको. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, ते अकरावीतच पाहून घ्या, हा निरोप पहिल्या महिन्यात गेला तर ऑफिसची निम्मी गर्दी पुढच्या वर्षी कमी होईल. म्हणजे हा वेळ परत मिळणारा आहे.

तिसरी हरकत कुणी मोठ्याने बोलत नाही. पालकांना सगळं कळलं, तर ते प्रश्न विचारतील. प्रयोगशाळा का बंद असते, जीवशास्त्राचे सर डिसेंबरपासून का नाहीत, क्लासशी टायअप कुणी केलं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणले, पण तो कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचा आणि आठवीपर्यंतचा. राज्याचा २०११चा शुल्क नियमन कायदा पालक-शिक्षक संघ मागतो, पण त्याचा सगळा रोख शुल्कावर. अकरावी-बारावी या मधल्या पट्ट्यात पालकाची जागा शोधावीच लागते. मूल सहावीत असताना ज्या आईला समितीत खुर्ची मिळत होती, ती मूल अकरावीत गेल्यावर खिडकीच्या बाहेर उभी असते. उच्च माध्यमिकलाही तशी समिती हवी, कायद्याने हवी. हे काम एकट्या वर्गशिक्षकाच्या शहाणपणावर सोडता येणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी ज्या घरांची वाटते, ती आमच्या भागातली कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारी घरं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपतो तेव्हा, मार्च-एप्रिलात परतते. बारावीचं वर्ष त्यावर ठेवून पाहा. परीक्षेचा फॉर्म, पूर्वपरीक्षा, हॉल तिकीट, प्रात्यक्षिक, लेखी पेपर, सीईटीची नोंदणी, सगळं नेमकं त्याच पाच-सहा महिन्यांत. मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात, आईबाप सांगलीकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात उसाच्या फडात. पहाटेपासून तोडणी आणि रात्री गाडी भरणं. नेटवर्क असेल तेव्हा चार्जिंग नसतं. आम्ही मात्र त्यांच्या नावाने पीडीएफ पाठवत बसतो.

मागच्या हंगामात मी एक केलं. जाणाऱ्या पालकांना दसऱ्याआधी गाठून एकेक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा दिला, त्यावर चार तारखा मोठ्या अक्षरांत, माझा नंबर, आणि मुकादमाचा नंबर माझ्या वहीत लिहून घेतला. फार मोठं काही नाही ते, आणि चारातली एक तारीख नंतर बदललीही. पुठ्ठा देताना एक जण तो उलटसुलट करून बघत म्हणाला, “सर, तारखेसंगं वार बी ल्ह्या. फडात तारीख कुणाच्या ध्यानात ऱ्हाती? बाजाराचा वार तेवढा ऱ्हातो.”

मग मी पेन घेतलं आणि सगळ्यांच्या पुठ्ठ्यांवर वार लिहीत बसलो.